पिशवीवाली

४ ऑगस्ट, पाथर्डी

रूम मिळाली. बाथरूम बाहेर, नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, पण गच्चीवरून डोंगर दिसतो. चालेल. आई म्हणत होती, "केडगावहून रोज ये-जा कर की, एसटी आहे." पण फील्डवर्क म्हणजे फील्डवर राहणं. नाहीतर कॉलेजच काय वाईट होतं?

बाबांना फोनवर काम सांगताना माझी ततपप झाली, म्हणून इथे नीट लिहून काढते. बायकांना ट्रायकोमोनास नावाचं इन्फेक्शन होतं. संबंधातून पसरतं. पिवळट पाणी जातं, खाज, आग, वास. औषध जुनंच आहे. प्रश्न एवढाच की द्यायचं कसं. चार गोळ्या एकदम, समोर गिळायच्या, विषय संपला. की रोज दोन अशा सात दिवस, चौदा गोळ्या. कुणाला काय मिळणार ते बंद पाकिटात ठरलेलं. चार आठवड्यांनी परत टेस्ट. नवऱ्यालाही चार गोळ्या, नाहीतर तो बायकोला परत देणार. बाबा "हं, हं" म्हणाले आणि फोन आईला दिला.

माझा जीव चार गोळ्यांवर आहे. जी बाई पहाटे चारला उठते, पाणी भरते, खुरपायला जाते, ती सात दिवस गोळ्या लक्षात ठेवणार? नो वे. हे आपल्या डेटातून सिद्ध झालं तर काय भारी होईल!

७ ऑगस्ट

वृषाली मॅडम (आमच्या हेड, नगरच्या ऑफिसात असतात) म्हणाल्या, सगळे फॉर्म आणि मेसेज साध्या मराठीत पाहिजेत, इंग्लिश शब्द एकही नको. दिवसभर बसून केलं. गोळ्यांच्या झिपवाल्या पाऊचला आधी 'पाकीट' लिहिलं होतं. पण पाकीट तर नंबराचं असतं, घोळ होईल. मग 'पिशवी' केलं. छोटा, स्वच्छ, मराठी शब्द. दहावीला मराठीत एकसष्ट होते मला. बाईंनी आज बघायला पाहिजे होतं.

मॅडमनी वरवर चाळलं आणि म्हणाल्या, "छान. एकदा गावातल्या कुणाला तरी वाचून दाखव." वेळ कुठे होता?

११ ऑगस्ट, बोरखडी

पहिला दिवस! आणि पहिल्या दिवशीच लोक इतके खडूस असतील असं वाटलं नव्हतं.

सुरेखाताई इथल्या आशा वर्कर. चाळिशीच्या असतील. मी हात पुढे केला तर त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि उपकेंद्राची किल्ली दिली.
"तुमी इंग्लिश मीडियम का?"
"हो."
"तरीच."
तरीच काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हे सगळं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं, उन्हाळ्यात परत येतं. म्हणून आत्ताच सगळ्या बायका सापडतात. फॉर्मवर 'गर्भाशय काढलेले' असा एक रकाना आहे. पहिल्या एकवीस जणींत आठ वेळा 'होय'. सगळ्या चाळिशीच्या आतल्या. शक्यच नाही. सुरेखाताईंनी टिक चुकीच्या रकान्यात मारली असणार. विचारलं तर म्हणाल्या, "मला टिक मारता येती." बास. परत तपासायला हवं.

दुपारी पंकजा आली. वय चोवीस, एक मुलगी. टेस्ट पॉझिटिव्ह. तिचं पाकीट फोडलं तर सात दिवस निघालं.
"चौदा? लई झाल्या की ओ, मॅडम."
"जेवणानंतर एक सकाळी, एक संध्याकाळी. तोंड कडू होईल, मळमळेल, तरी सोडायच्या नाहीत."
"ह्यानं थांबंल का?"
"थांबेल."
ती दाराकडे बघून हळूच म्हणाली, "तालुक्याचा डॉक्टर म्हनतो, दिवाळीच्या आत ऑपरेशन करून आतलं काढून टाका, न्हाईतर कॅन्सर हुईल. ह्यांनाबी पटलंय. मला अजून एक लेकरू पायजे."

चोविसाव्या वर्षी युटेरस काढणार! एका इन्फेक्शनसाठी, जे गोळ्यांनी जातं! मी तिला सांगितलं, "नीट गोळ्या घे, काही काढावं लागणार नाही. माझा शब्द." असा शब्द द्यायचा नसतो, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. पण तिचा चेहरा बघून दिला.

बाहेर तिची सासू उभी होती. रंगुबाई. उंच, काटक, डोक्यावरून पदर आणि नजर अशी की आपण काहीतरी चोरलंय.
"तू डॉक्टर हायस का?"
"नाही, मी फार्मसी केलंय."
"मंजी दुकानवाली."
मग सुनेला, "काय दिलंय? दावं." पंकजाने झिपची पिशवी दाखवली. "पुडी हाय, आत्याबाई." सगळ्याच बायका पुडी पुडी म्हणत होत्या. फॉर्ममध्ये एवढं छान लिहिलंय, पण वाचणार कोण!

१४ ऑगस्ट

छत्तीस जणी पूर्ण. अठरा एका डोसवाल्या, त्यांनी माझ्यासमोर गिळल्या. अठरा सात दिवसवाल्या.

सात दिवसवाल्यांसाठी आज व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून पाठवला. वाचता न येणाऱ्यांनाही कळावं म्हणून ही आयडिया माझीच. नंबर बहुतेक नवऱ्यांचे आहेत, पण स्पीकरवर ऐकवतील. पाच वेळा रेकॉर्ड केला, आवाज गोड यावा म्हणून. इथे उतरवून ठेवते:

"नमस्कार, मी मोनिका बोलतेय. पिशवी जपून ठेवा. पिशवी दुसऱ्या कुणाला देऊ नका. अठ्ठावीस दिवसांनी आम्ही तुमची पिशवी तपासणार आहोत आणि काढून घेणार आहोत. पिशवी रिकामी असेल तर सगळ्यात चांगलं. त्याच दिवशी खालून तपासणी होईल. घाबरू नका, अजिबात दुखणार नाही. मिस्टरांना सोबत आणा."

मॅडमनाही पाठवला, त्यांनी अंगठ्याचा इमोजी दिला.

१६ ऑगस्ट

काय बिघडलंय या गावाचं?

आज सात घरं फिरले, सहा दारं लागलेली. आत भांडी वाजत होती, म्हणजे माणसं होती. सातव्या घरात एका आजीबाईंनी अंगणात सडा टाकायला घेतला आणि अर्धी बादली शेणकाला माझ्या पायांवर. "दिसली न्हाईस गं." समोर उभी होते मी!

सुरेखाताईंना विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "झालंय काय, नेहमीचंच. तुमी सगळे शेवटी तिथंच येता."
"कुठे?"
"ऱ्हाऊ द्या."

मला वाटतं त्यांनीच काहीतरी भरवलंय. परवा त्यांच्या टिकांवर शंका घेतली त्याचा राग.

१९ ऑगस्ट

पंकजाच्या घरी गेले. तिचा नवरा बिभीषण ओट्यावर मोबाईल बघत बसलेला. त्याच्या चार गोळ्या पुढे केल्या.
"मला कशाला? मला काय झालंय?"
"पुरुषांना बहुतेक वेळा त्रास होत नाही, पण त्यांच्याकडून—"
"म्हंजी रोग माझ्यात हाय?" तो उठला. "सगळ्या गावाला सांगत फिरतीस का असं? तुझा निरोप चौकात ऐकला मी. माझ्या चुलतीला कॅन्सर झाल्ता, माहितीय का तुला, कसं मरतं मानूस? काढायचंच असंल तर आमी आमच्या डॉक्टरकडं काढू. तुमच्या हाती कशाला देऊ?"
"अहो, सॅम्पल तर फक्त कापसाने काढायचं असतं, दोन मिनिटांचं काम—"
"दोन मिन्टांत?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं काही मी वेडी आहे.

आतून पंकजा आली नाही. रंगुबाई आली, हातात खराटा. "पुन्हा उंबऱ्यापाशी दिसलीस तर ह्यानंच झाडीन." आणि खरंच माझ्या पावलापर्यंत झाडत आली.

मला या बाईचा भयंकर राग आलाय. सुनेचं आयुष्य वाचतंय आणि हिला त्याचं काही नाही. हीच ती टिपिकल सासू. हिलाच ऑपरेशन पाहिजे असणार.

२६ ऑगस्ट

जीपमध्ये बसले तर आधीच बसलेल्या दोन बायका उतरल्या. वाल्मिक जीपवाला म्हणाला, "मॅडम, तुमी म्होरं बसत जावा, न्हाईतर माझी शिटं जात्यात." मागून कुणीतरी म्हणालं, "पिशवीवाली हाय ती." सगळ्या हसल्या, पण नेहमीचं हसू नव्हतं.

माझी ज्यूटची पिशवी फेमस झाली म्हणजे! कॉन्फरन्समधली आहे, वर सूर्यफूल. चला, निदान काहीतरी नाव पडलं.

९ सप्टेंबर

फेरतपासणीचे तीन दिवस संपले. एका डोसवाल्या अठरातल्या सतरा आल्या. फक्त दोन पॉझिटिव्ह. सात दिवसवाल्या अठरातल्या सातच आल्या आणि त्यातल्या पाच पॉझिटिव्ह!!

मी बरोबर होते. सात दिवस खेड्यात चालत नाहीत. आकडे बघून उपकेंद्रात एकटीच नाचले.

एक गोष्ट खटकली. त्या सात जणी आल्या तेव्हा सुरेखाताई पूर्ण वेळ तपासणीच्या खोलीच्या दारात उभ्या. आडवा हात लावून. मी म्हटलं, प्रायव्हसी द्या. म्हणाल्या, "मी दारात हाय म्हनून आल्यात त्या. मी हालले तर ह्याबी हालतील." प्रत्येक बाई बाहेर आली की तिला विचारायच्या, "फक्त कापूस ना?" मग पुढची आत. मॅडमना सांगायला हवं की आशा कामात अडथळा आणतात.

पंकजा आली नाही. रिकामी पिशवी तर एकीनेही परत आणली नाही.

१२ सप्टेंबर

मॅडमचा फोन. मला वाटलं शाबासकी.

"मोनिका, आकडे उलटे आहेत."
"उलटे कसे, मॅडम? तसेच आलेत."
"बाहेर जिथे जिथे हे नीट तपासलं, तिथे सात दिवसवाल्या जास्त बऱ्या झाल्यात. थोड्या नाही, बऱ्याच. तुझ्याकडे सातातल्या पाच फेल. त्यांनी गोळ्या खाल्ल्या का?"
"मॅडम, खेड्यातल्या बायका विसरतात. तेच तर आपलं फाइंडिंग आहे ना?"
"पाच जणी गोळ्या विसरल्या आणि अकरा यायलाच विसरल्या? तुझं मत तू घरी ठेव. त्यांनी कधी आणि का सोडल्या ते शोध. आणि तू आशाविरुद्ध केलेली तक्रार वाचली. ती बाई नसती तर तुझ्याकडे सात पण आल्या नसत्या."

रडले. मग राग आला. नगरला एसीत बसून सोपं असतं.

१५ सप्टेंबर

सगळं जसं झालं तसंच लिहिते. काही वगळायचं नाही.

अकराच्या सुमाराला रंगुबाई उपकेंद्रात आली. एकटी. चपला न काढता सरळ टेबलापाशी. कमरेला खोचलेलं काढलं आणि माझ्या रजिस्टरवर आपटलं.
"ही घे तुझी पुडी."

आत आठ गोळ्या. चौदातल्या सहाच संपलेल्या. माझं डोकंच फिरलं. "मावशी, सहाच खाल्ल्या तिने! मी हात जोडून सांगितलं होतं. आणि पिशवी आज देताय? आठवडा झाला तारखेला."
"पिशवी देनार न्हाई."
"दिलीत की आत्ता."
"कवा दिली? नरड्याचा घोट घेईन."
"अहो, ही काय!" मी ती उचलून तिच्या तोंडापुढे नाचवली. "ही पिशवी!"
"ही पुडी हाय."
"तेच ते!"
"तेच ते?"

ती टेबल ओलांडून आली. माझं मनगट धरलं आणि माझा पंजा तिच्या पोटावर दाबला, बेंबीच्या खाली, लुगड्यावरून. तिथे आडवा एक वळ लागला हाताला.
"पिशवी हिथं असती, भवाने. माझी हुती. सव्वीस वर्साची असताना काढली. अंगावरून पांढरं जायचं, डॉक्टर म्हनला काढा, काढली. तवापास्नं कंबर न्हाई, झोप न्हाई, थंडीत अंगाची आग हुती. तिची मी काढू देनार न्हाई. तुला न्हाई, त्या डॉक्टरला न्हाई, माझ्या पोटच्यालाबी न्हाई. तुझा निरोप आला त्या दुपारीच पुडी काढून घेतली मी तिच्याकडनं. म्हनं रिकामी असंल तर चांगलं! रिकामी म्हंजी लेकरू नसंल तर, व्हय ना?"

मी मोबाईल काढला आणि माझाच मेसेज लावला. माझा गोड आवाज. आम्ही तुमची पिशवी तपासणार आहोत आणि काढून घेणार आहोत. अजिबात दुखणार नाही.

दुसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही.

सुरेखाताई दारात होत्या. मी विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"
"काय सांगू? तुमीच तुमच्या तोंडानं बोललाव. मला वाटलं ठरल्यालंच हाय. आधी तपासनी, मंग सोनोग्राफी, मंग पिशवी. लई जनी बघितल्यात अशा येताना." मग म्हणाल्या, "त्या आठ टिका बरोबर हुत्या. नववी धरायची तर मी."

१६ सप्टेंबर

सकाळपासून हिशोब लावतेय. चार गोळ्यावाल्यांना पिशवीच नव्हती, म्हणून मेसेज नव्हता. पहिल्याच दिवशी औषध पोटात. मेसेज गेला तो फक्त अठरा जणींना, गोळ्या संपायच्या आत. त्याच दुपारी अठरा घरांत गोळ्या बंद. एक डोस जिंकला नाही. मी सात दिवसांना पाडलं.

आणि मी नाचले होते.

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाचून दाखव म्हटलं होतं. एका बाईला, मोनिका. एका." नंतर त्या ऑफिसच्या सुरात बोलल्या. बोरखडीचे आकडे अभ्यासातून बाहेर. माझं काम महिनाअखेरपर्यंत. पण ज्यांचे उपचार अर्धवट राहिले त्या सगळ्यांना पुन्हा चौदा गोळ्या द्यायच्या, नवऱ्यांसकट, अभ्यासाच्या बाहेर. "आणि हे गावाला तू सांगशील. मी नाही, आशाही नाही. तूच."

१७ सप्टेंबर

मारुतीच्या पारावर सांगितलं. पुरुष वर, बायका खाली देवळाच्या सावलीला. सुरेखाताईंनी बोलावलं म्हणून आले.

मी म्हटलं, मी गोळ्यांच्या पुडीला पिशवी म्हणत होते. मला माहीत नव्हतं इथे पिशवी म्हणजे काय. कुणाचंही काहीही काढायचं नव्हतं, काढणार नाही.

मग मागून एकाने विचारलं, "म्हंजी तुला पिशवी म्हंजी काय ते ठावं न्हाई, आन् तू बायांना गोळ्या देतीस?"
"हो."
"शिकलीस किती?"
मी सांगितलं. हसले सगळे. हसू दे.

दगडाबाई नावाच्या एक जाडजूड मावशी आहेत, सात दिवसवाल्यांतल्या. त्या खालून ओरडल्या, "माझी तर धा वर्सांपूर्वीच काढल्याली. निरोप आला तवा म्हनलं, आता काय मागत्यात, आतडी का काय!" तेव्हा बायका हसल्या. तेवढ्यापुरतंच. उठून जाताना एकजण माझ्या जवळून गेली आणि म्हणाली, "महिनाभर झोपले न्हाई मी, बया." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१९ सप्टेंबर

सोळा जणींनी पुन्हा गोळ्या घेतल्या. दोघींनी नाही. त्यांच्या दारात तासभर उभी राहिले, उघडलं नाही.

पंकजाच्या घरी रंगुबाईनं आत घेतलं, पण बस म्हणाली नाही. पंकजाला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, यावेळी कागद न बघता. रोग कुणाचा कुणाला कसा जातो, नवऱ्याला काही दिसत नसतं तरी त्याच्यात कसा राहतो. तिने दोनदा विचारलं, "म्हंजी मी बरी झाले आन् त्यांनी गोळ्या न्हाई घेतल्या तर?" मी म्हटलं, परत येईल.

बिभीषण आला. चार गोळ्या बघून परत निघाला. रंगुबाई दारात आडवी.
"गिळ."
"मला काय झालंय, आई?"
"तुला काय झालंय ते तुला कळत न्हाई, म्हनून तर गिळ."
"तीन दिवस दारू चालणार नाही," मी म्हटलं.
"आता हे बघा! औषीद हिचं, उपास माझा!"
"माझ्या म्होरं गिळ. आ कर. जीभ वर कर." एवढ्या मोठ्या माणसाने आ केला.

गिळल्यावर मला म्हणाला, "हे केलं म्हंजी ऑपरेशन रद्द असं न्हाई. डॉक्टरनं आठ तारीख दिलीय. तुमच्यासारख्या पोरीचं ऐकू का डॉक्टरचं?"
माझ्यासारख्या पोरीचं मीही ऐकलं नसतं.

५ ऑक्टोबर, केडगाव

काम संपलं, घरी आले. आई काही विचारत नाही. रोज माझ्या आवडीचं करते, त्याचाच जास्त त्रास होतो.

सुरेखाताईंना फोन केला. उचलला, हेच नवल. पंकजाने चौदाच्या चौदा घेतल्या. सात दिवस उलटीसारखं व्हायचं, तरी. पाणी जायचं बंद झालंय म्हणे. पण बिभीषण ऐकत नाही. "परत आलं तर? तिकडं उसाच्या फडात कोन डॉक्टर हाय?" म्हणतो.
"फेरतपासणी बावीसला आहे," मी म्हटलं. "ऑपरेशन आठला."
"ते मला कळतंय."

९ ऑक्टोबर

सुरेखाताईंचा फोन. आपणहून! काल ऑपरेशन झालं नाही. सकाळी निघायच्या वेळेला पंकजाचं आधार कार्ड सापडेना. सरकारी योजनेतलं ऑपरेशन, कार्डाशिवाय घेत नाहीत. घर उलथंपालथं केलं. रंगुबाई चुलीपाशी भाकरी थापत बसलेली, म्हणाली, "उंदरानं नेलं असंल." बिभीषणानं डॉक्टरकडून नवी तारीख घेतली, चोवीस; तोवर कार्डाची नवी प्रत काढणार. त्या दिवशीच ऊसतोडीची टोळी निघतेय. म्हणजे पंकजाला दवाखान्यात ठेवायचं आणि बरी झाली की मागनं आणायचं. रंगुबाई नातीला घेऊन गावातच राहणार, पुढं काय करील ती?

"कार्ड कुठे आहे?" मी विचारलं.
"मला काय माहीत," सुरेखाताई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मला नाही, फोनला.

२२ ऑक्टोबर, बोरखडी

माझा आता काही संबंध नाही. तरी गेले. मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "जा. सुरेखाताईंच्या हाताखाली काम कर. बोलू नकोस."

तेच केलं. सुरेखाताई बोलल्या, मी कापूस आणि स्लाइडच्या काचा दिल्या. सोळातल्या तेरा आल्या. दोघी पॉझिटिव्ह, अकरा जणी क्लिअर. पंकजाची काच मायक्रोस्कोपखाली तीनदा बघितली. काही नाही. किटवरही काही नाही.

मी तिला सांगितलं. तिने फक्त पदर नीट केला. "कागद द्या."

२४ ऑक्टोबर

गावाबाहेर दोन ट्रॅक्टर. भांडी, बाजरीची पोती, कोंबड्या, शेळी, सगळं दोरांनी बांधलेलं. मी रिपोर्ट सही-शिक्का घेऊन आणला होता. तो पंकजाच्या हातात दिला. तिने तो बिभीषणाला दिला. त्याच्या काखेत दवाखान्याची फाईल होती.

त्याने रिपोर्ट दोन्ही बाजूंनी बघितला. "आज न्हाई म्हनून उद्या न्हाई, असं असतंय का? डॉक्टरची गाडी अकराला हाय. फडात चार दिवसांनी परत सुरू झालं तर कोन बघनार? काढली म्हंजी कटकट मिटली."

सगळी टोळी ऐकत होती. चुलता, दीर, जावा. मला बोलायचं होतं. सुरेखाताईंनी माझा दंड धरला, नखं रुतली इतका.

रंगुबाई तोंड उघडणार होती. पण त्याच्या आधी पंकजा बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.
"माझ्यात आता काय न्हाई. कागद हाय तुमच्या हातात. परत आलं तर ते माझ्यातनं न्हाई येनार, तुमच्यातनं येईल. मंग जे काढायचं ते तुमचं काढू."

एका जावेने पदर तोंडात कोंबला. चुलत्याने आभाळाकडे बघितलं.

बिभीषण बायकोकडे बघत होता, जशी काही ती पहिल्यांदाच दिसली. मग आईकडे बघितलं. रंगुबाई म्हणाली, "चढ आता. का उचलून ठिवू?"

तो चढला. पंकजाही चढली, त्याच्या शेजारी नाही, शेळीपाशी. माझ्याकडे तिने बघितलं नाही. रंगुबाईने बघितलं.
"तू काय ऱ्हायलीस हितं? जा. आन् पुन्हा निरोप धाडू नगंस."

दोन्ही ट्रॅक्टर वळणाआड गेले. दवाखान्याची फाईल रस्त्याच्या कडेला राहिली होती. सुरेखाताईंनी बघितली, मी बघितली. कुणीच उचलली नाही.